आवडता सीन वहीत कसा उतरवायचा (सोबत वाटीभर शेंगदाणे घ्या)

कुणी विचारलं तुझा आवडता सिनेमा कुठला तर आपण काय करतो, चारपाच नावं सांगतो, समोरचा म्हणतो हो हो मलापण, मग तो त्याची चार नावं सांगतो आणि चहा येतो, विषय संपला. मी कित्येक वर्षं हेच केलं. नावांच्या याद्या माझ्याकडे ढीगभर पडल्यात, जुन्या मोबाईलमध्ये, डायरीच्या मागच्या पानावर, एक तर लाईटबिलाच्या पाठीवर आहे, पण त्या आज वाचल्या की मला स्वतःलाच कळत नाही की बाबा यातलं आवडलं काय होतं. एका नावापुढे तीन चांदण्या काढल्यात. कशाच्या तीन? देव जाणे.

मग मी सिनेमावर लिहिणं बंद केलं आणि एकेका सीनवर लिहायला लागलो. दोनशे पानी वही, एका सीनला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर सीन पुन्हा न बघता जे आठवतंय ते, उजव्या पानावर बघितल्यावर जे दिसलं ते. सगळी युक्ती एवढीच आहे, बाकी मी खाली जे सांगणारे ते याचंच पाल्हाळ. पण डावं पान आधी, हे मात्र पक्कं. ते उलटं केलं की सगळं मुसळ केरात.

हे मला कसं कळलं तर फजिती होऊन कळलं. सैराट आला २०१६ च्या एप्रिलमध्ये, आणि त्यानंतर वर्षभराने मी आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या शेवटाबद्दल मोठं लांबलचक लिहिलं, ते छोटं पोर, त्याची पावलं, आणि मागे वाजणारं ते एकच व्हायोलिन जे आपलं काळीज चिरत जातं वगैरे. (ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा, पण खरं सांगू का, आत्तापर्यंत तुम्हाला कळलेलं असणारच.) तर मामेभाऊ म्हणाला, कुठलं व्हायोलिन? मी म्हटलं शेवटी वाजतं ते. तो म्हणाला दादा तू पुन्हा बघ. बघितला. व्हायोलिन नाही. गाणं नाही, ढोल नाही, कायच नाही. त्या पोराची पावलं उमटत जातात आणि सिनेमा गप्प. खूनसुद्धा दाखवलेला नाही, तो आपल्या नजरेआड होतो. आणि मी वर्षभर डोक्यात व्हायोलिन वाजवत फिरत होतो!

ग्रुपवर पोरांनी आठवडाभर व्हायोलिनचे फोटो टाकले, ते जाऊदे. पण मी विचार करत बसलो की हे व्हायोलिन आलं कुठनं. मग लक्षात आलं की अजय-अतुलने याच सिनेमासाठी पार हॉलिवूडला जाऊन मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्डिंग केलेलं, पहिला अर्धा भाग नुसता त्या वाद्यांनी भरलेला, झिंगाटला तर लोक थेटरात खुर्च्या सोडून नाचत होते. इतकं सगळं दिल्यावर शेवटी ते सगळं काढून घेतलंय. ती शांतता मला झेपली नाही म्हणून माझ्या डोक्याने परस्पर तिथे व्हायोलिन बसवून टाकलं. आता मला सांगा, सैराटच्या शेवटाबद्दल मी जे "काळीज चिरत जातं" लिहिलं होतं ते कामाचं, का हे व्हायोलिन प्रकरण कामाचं? वहीत दुसरं आहे. पहिलं मी डिलीट केलं.

सीन निवडायचा कसा

महान सीन निवडू नका. लोक बसतात आणि विचार करतात की आता जागतिक दर्जाचं काहीतरी पाहिजे, मग शेवटी जे सगळ्यांनी लिहिलंय तेच लिहितात. त्यापेक्षा भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, रात्री लाईट गेल्यावर जो सीन आपोआप डोक्यात येतो तो घ्या, भले मग तो सिनेमा एकूणात टुकार असेना. माझ्या वहीत एका अत्यंत रद्दी सिनेमातला सीन आहे ज्यात हिरो नुसता बस चुकवतो. बाकी सिनेमा आठवत नाही. पण ती बस आठवते.

अजून एक ओळखायची खूण म्हणजे जो सीन तुम्ही कुणाला तरी हातवारे करून करून सांगितलाय तो. हातवारे केलेत म्हणजे त्यात काहीतरी आहे.

डायलॉगपासून मात्र जरा जपून. डायलॉग लोकांच्या तोंडात घासून घासून गुळगुळीत होतो आणि त्याखालचा सीन पुसला जातो. अशी ही बनवाबनवीचंच घ्या, १९८८ चा सिनेमा, आपल्याकडे लग्नापासून मयतापर्यंत कुठेही त्यातलं वाक्य टाकता येतं. ते "सत्तर रुपये वारले" वाक्य तर सगळ्यांनाच पाठ. पण ते कोण म्हणतं? धनंजय माने म्हणतो का सरपोतदार म्हणतात? पैसे कशासाठी दिलेले, इस्तंबूलचा काय संबंध, त्या वेळी खोलीत अजून कोण कोण उभं होतं, कोण बसलेलं होतं? लिहून काढा बघू न बघता. आमच्या घरी यावरनं भांडण झालं, आणि चारही जण हा सिनेमा वीस वीस वेळा बघितलेले. उत्तर मी सांगणार नाही, स्वतः बघा, पण बघायच्या आधी लिहा.

डावं पान

पंधरा मिनिटं, पेन, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. मोबाईल जवळ असला की हात आपोआप यूट्यूबकडे जातो आणि एकदा क्लिप बघितली की तुमची जुनी आठवण गेली ती गेलीच, नवी तिच्यावर चढून बसते, मग परत कितीही डोकं खाजवा ती सापडत नाही. म्हणून हे एकदाच करता येतं. एका सीनला एकदाच संधी.

लिहायचं काय? कोण होतं, कुठे होतं, उजेड होता का अंधार, कोण आधी बोललं, हातात काय होतं, सीन सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे. शंका आली तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, पुसू नका. भाषा बिषा बघू नका, हे कुणाला दाखवायचं नाहीये. आणि आवाज लिहायला विसरू नका, आवाजाच्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त चुकतो, माझं व्हायोलिन हे एक झालं, पण आमच्या बायकोने तर एका अख्ख्या मुक्या सीनला पावसाचा आवाज दिलेला.

त्याच पानावर खाली एक रेघ मारून तुम्ही स्वतः कुठे होता ते लिहायचं. हा भाग लोक फालतू समजून सोडतात, आणि मला तर हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुठलं थेटर, का घरचा टीव्ही, का एसटीतला व्हिडिओ, कुणासोबत, खिशात पैसे किती होते, त्या वेळी घरात काय चाललेलं. "किल्ला" हा सिनेमा बघितला तेव्हा माझ्या शेजारी माझा मुलगा होता, आणि आमची बदली नुकतीच झालेली, म्हणजे त्याची तिसरी शाळा. त्यात त्या पोराला बाकीची पोरं पावसात किल्ल्यावर सोडून निघून जातात, तो एकटा, आणि माझ्या शेजारचा हा पॉपकॉर्न खायचा थांबला. एवढंच. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या वहीत किल्ल्यावर चार ओळी आहेत आणि त्या पॉपकॉर्नवर एक पान.

मग बघायचं, पण नीट

सुटी क्लिप नको. तीनचार मिनिटांच्या ज्या क्लिपा फिरतात त्या सीनच्या मध्येच सुरू होतात, कडा कापलेल्या असतात, कधी कुणीतरी वरनं स्वतःचं म्युझिक चिकटवलेलं असतं, कधी चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं. अख्खा सिनेमा लावा आणि तुमच्या सीनच्या दहाएक मिनिटं आधीपासून बघा. का, तर सीनचं वजन बऱ्याचदा त्याच्या आधीच्या सीनमध्ये असतं. आधी हसवलेलं असतं म्हणून नंतरचं लागतं.

मी तीनदा बघतो. पहिल्यांदा नुसता, पेन खाली ठेवून. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद केला की डायलॉगची दादागिरी संपते आणि डोळे दुसरीकडे जायला लागतात, आणि माझा एक नियम आहे की या वेळी बोलणाऱ्याकडे बघायचंच नाही, ऐकणाऱ्याकडे बघायचं. बनवाबनवीत बाकीचे थापा मारत असताना सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींचा चेहरा बघा एकदा मुक्याने. माणूस काहीही न बोलता सीन खाऊन टाकतो. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकायचं. हे करताना घरचे हसतात, हसू द्या.

आता शेंगदाण्यांचं. दोन वाट्या घ्यायच्या, एक भरलेली आणि एक रिकामी. पडद्यावरचं चित्र बदललं, म्हणजे आत्ता याचा चेहरा दिसत होता आणि आता तिचा दिसायला लागला, की एक दाणा रिकाम्या वाटीत. याला कट म्हणतात. सीन संपला की वाटीत बघायचं. मोजायची गरज नाही, नुसतं बघितलं तरी अंदाज येतो. कुठल्याही साऊथच्या फायटिंगला हे करा, वाटी शीग लागेपर्यंत भरते आणि तुमचा हात दुखतो. आणि हेच चैतन्य ताम्हाणेच्या कोर्ट सिनेमाला करा. दाणा हातात धरून बसावं लागतं. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं येतायत, बसतायत, वकील वाचून दाखवतोय, तारीख पडतीये, आणि चित्र काय बदलत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी "संथ आहे पण भारी आहे" असं लिहिलेलं. आता हे वाक्य म्हणजे काहीच नाही ना. वाटीकडे बघितल्यावर कळलं की मला संथ का वाटत होतं, आणि हेही कळलं की कोर्टात तारखेला जाऊन बसलेल्या माणसाला अगदी असंच वाटतं. आमचा जमिनीचा एक दावा आहे, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगतोय. दाणा हातात घामाने मऊ होतो.

कोर्टचाच अजून एक किस्सा सांगतो कारण सीन कुठे संपतो हा प्रश्न तिथे फार मस्त येतो. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा. आमच्या पुढच्या रांगेतलं एक जोडपं उठलं, पर्स घेतली, चपला शोधल्या, दारापर्यंत पोचलंसुद्धा, आणि पडद्यावर एकदम उजेड! सिनेमा सुरूच. न्यायाधीश साहेब सहलीला गेलेत. ते दोघं बिचारे भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभेच राहिले. मी मनात म्हटलं दिग्दर्शक चुकला, तिथेच संपवायला पाहिजे होतं. उजव्या पानावर हे लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मत फिरलं, कारण तो काळा पडदा आपल्याला घरी पाठवत होता, की झालं बाबा, निकाल काय तो लागेल, तुम्ही निघा. आणि आपण निघालोच होतो की.

दोन पानांमधली फट

ही खरी जागा. डावं आणि उजवं पान शेजारी ठेवायचं आणि जिथे जिथे जुळत नाही तिथे लाल पेनाने गोल करायचा. बऱ्याच चुका किरकोळ असतात, साडी हिरवी नव्हती निळी होती, असल्या, त्या सोडून द्या. पण एखादी चूक अशी निघते की ती तुमच्याबद्दल सांगते, सिनेमाबद्दल नाही. ती सापडली की लिहायला विषय मिळाला.

माझी सगळ्यात मोठी अशी चूक फँड्रीची. नागराज मंजुळेचा पहिला मोठा सिनेमा, थेटरात आला १४ फेब्रुवारी २०१४ ला, व्हॅलेंटाईनच्या दिवशी, आणि पोस्टरवरनं आम्हाला वाटलेलं की शाळेतली लव्हस्टोरी आहे. मी आणि माझा एक जुना मित्र गेलो. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर, हेही आम्हाला आत गेल्यावर कळलं.

सीन तुम्हाला माहीत असेल. जब्याचं, म्हणजे त्यातल्या शाळकरी पोराचं, कुटुंब शाळेजवळ डुक्कर धरायला पळतंय, बाप, आई, बहिणी, सगळे, आणि गाव जमून मजा बघतंय. आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. झालं, सगळे आहेत तिथे ताठ उभे. हातातोंडाशी आलेलं डुक्कर आपलं चालत चालत निघून जातं. त्याला कोण सांगणार राष्ट्रगीत चालू आहे.

माझं डावं पान असं होतं: "अख्खं थेटर सुन्न. कुणी हललं नाही. दोनतीन जण उभे राहिले. मला घशात आवंढा आला." छान आहे ना? कुणालाही दाखवावं असं.

सवयीप्रमाणे मी सोबत असलेल्या माणसालाही त्याची आठवण विचारतो, म्हणून मित्राला फोन लावला. तो म्हणाला, अरे लोक हसले होते. मी म्हटलं नाही. तो म्हणाला डुक्कर पळालं तेव्हा सगळे हसले, तूपण हसलास, माझ्या मांडीवर थाप मारून हसलास, मला अजून आठवतंय.

मी मानायला तयार नव्हतो. मग सिनेमा लावला. आणि खरंच, तो सीन सुरुवातीला हसण्यासारखाच रचलाय. पळापळ आहे, घसरणं आहे, बघ्यांची थट्टामस्करी आहे. आपण त्या बघ्यांच्यात कधी जाऊन उभे राहतो कळत नाही. मी नक्की हसलो असणार. मग पुढे ते डुक्कर काठीला बांधून खांद्यावरनं नेतात, शाळेच्या भिंतीवरनं, आणि त्या भिंतीवर चित्रं कुणाची तर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीबाई, गाडगेबाबा. तिथे कुणी हसत नाही. आणि एकदम शेवटी जब्या दगड उचलतो आणि मारतो, आणि तो दगड सरळ आपल्याकडे येतो, पडद्यातनं, आणि काळोख.

तो दगड "समाजाला" मारलाय असं मी तोपर्यंत चारपाच जणांना सांगून झालेलं होतं. समाजाला म्हणजे दुसऱ्या कुणालातरी, माझ्या शेजारी बसलेल्याला, मागच्या रांगेला. मित्राशी बोलल्यानंतर मी उजव्या पानावर एकच ओळ लिहिली: मी हसलो होतो. बाकी पान कोरंच आहे. भरेन कधीतरी.

तर सांगायचं काय, सोबत असलेल्याला फोन लावाच. तो तुमच्यापेक्षा वेगळं सांगणार आणि दोघंही शपथेवर सांगणार.

लिहायचं कसं

वही झाली, आता कुणाला वाचायला द्यायचं असेल तर पुढचं. नुसती वही ठेवायची असेल तर इथेच थांबा, खरंच, काही बिघडत नाही.

माझ्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलीये, बंदी असलेल्या शब्दांची. अप्रतिम. निःशब्द. अंगावर काटा. काळजाला भिडणारा. डोळ्यांच्या कडा पाणावल्या. निव्वळ अफाट. हे शब्द वाईट आहेत असं नाही, पण ते कुठल्याही सीनला लागतात, श्वासला लावा, शोलेला लावा, शेजारच्या पोराच्या स्नेहसंमेलनाला लावा. "श्वासमधला आजोबा-नातवाचा सीन काळजाला भिडतो" याच्यात काय कळलं? त्यापेक्षा असं लिहा की ऑपरेशन झालं की नातवाची नजर जाणार, म्हणून आजोबा त्याला दवाखान्यातनं कुणाला न सांगता बाहेर घेऊन जातात, शहर दाखवायला. बास. वाचणाऱ्याला काळीज आहे, भिडायचं का नाही ते त्याचं तो बघून घेईल.

पुरस्कारांनी सुरुवात करू नका. श्यामची आईला देशातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि मग मराठीला तो मान परत मिळायला श्वासपर्यंत पन्नास वर्षं जावी लागली, ही माहिती भारी आहे, मलाही सांगायला आवडते, बघा आत्ताच सांगितली. पण ती सीनच्या आधी आली की वाचणारा टाळ्या वाजवायच्या तयारीत बसतो. नंतर कुठेतरी येऊदे, नाहीतर नकोच.

सुरुवात सीनच्या आत करा, आणि वर्तमानकाळात. "तो दार उघडतो" हे "त्याने दार उघडलं होतं" पेक्षा नेहमी बरं चालतं, का ते मला व्याकरणात सांगता येणार नाही, पण मोठ्याने वाचून बघा. गोष्ट जेवढी लागते तेवढीच सांगा, दोन ओळी, कोण कुणाचा कोण ते कळलं की झालं. लोक अख्खी स्टोरी सांगत बसतात, आणि सीन येईपर्यंत वाचणारा उतरून गेलेला असतो.

शेवट फोडायचा का? साधा हिशोब आहे माझा. जुना सिनेमा असेल तर बिनधास्त फोडा, पण आधी सांगून. नवा असेल तर दुसरा सीन निवडा. आणि एखाद्या सीनची सगळी गंमत धक्क्यातच असेल तर तो एकदा फोडल्यावर उरतच नाही, तसला सीन बहुतेक वेळा दोन पानांच्या लायकीचा नसतो. सैराटचा शेवट माहीत असून मी चारदा बघितलाय, चहा येतो तिथपासूनच माझं पोट खाली जातं, उलट माहीत असल्यामुळे जास्तच.

कॅमेऱ्याच्या अँगलची, लेन्सची नावं येत नसतील तर घालू नका. "वरनं बघितल्यासारखं", "चेहरा इतका जवळ की कपाळ कापलं गेलंय", "लांबनं, माणूस मुंगीएवढा", असं लिहिलं तरी पोचतं.

घरातल्या म्हाताऱ्यांचे सीन

हे लवकर करा. यात मी आधीच उशीर केलाय, आजीचं एकही लिहून ठेवलं नाही, तिने म्हणे श्यामची आई तीनदा बघितलेला आणि तिन्ही वेळा अर्ध्यातनं उठून आलेली, का ते कुणी विचारलंच नाही.

त्यांना "तुला कुठला सिनेमा आवडायचा" विचारू नका, त्या म्हणतात काय मेलं आवडायचं, कामं कोण करणार. विचारायचं, कुठे बसली होतीस? हा प्रश्न जादूचा आहे. आईला मी हे विचारलं तर ती सुरूच झाली, जत्रेतला तंबू, खाली बसायला घरनं नेलेलं पोतं, बायका एका अंगाला आणि बाप्ये दुसऱ्या, मध्ये दोरी, मशीनचा खडखडाट मागनं, आणि रीळ बदलताना सगळा अंधार की पोरं शिट्ट्या मारायची. सिनेमा पिंजरा. शांतारामबापूंचा, १९७२ चा. तमाशाच्या नादाने घसरलेले गुरुजी, आणि शेवटी त्यांच्यावरच खटला, कुणाच्या खुनाचा तर त्या गुरुजींच्याच. जो मेलाच नाही तो स्वतःच्या खुनासाठी उभा.

आई म्हणाली, तुझी आजी तंबूत ओरडली होती, बोल की रं बाबा, खरं बोल. पुढच्या बायका मागे वळून बघायला लागल्या तर आजी त्यांच्यावर पण ओरडली. आणि गुरुजी झालेला श्रीराम लागू काय बोलेना. आणि वरनं पाऊस.

मी म्हटलं पाऊस? ती म्हणाली हो तर, धो धो पाऊस होता त्या कोर्टात.

सिनेमा लावून दिला टीव्हीवर. तो सीन आला, ती पुढे सरकून बघत होती, चष्मा वर करून, मग खाली करून. कोर्टात पाऊस नव्हता. कोर्टात कुठनं येणार पाऊस. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली हा सिनेमा कापलेला दिसतोय.

रात्री जेवताना तिला आठवलं की त्या वर्षी जत्रेत अवकाळी झालेला, तंबूवर नुसता ताशा वाजत होता, आणि परत येताना आजीने ते पोतं तिच्या डोक्यावर धरलेलं. डाव्या पानावर मी पाऊस तसाच ठेवलाय. आता थोरल्या मावशीला फोन लावायचाय, तीपण होती म्हणे तंबूत, दोरीच्या अलीकडे.